कारकुनाची वही

परवा आमच्या अभ्यासवर्गात वादावादी झाली. विषय होता अमेरिकेतली गुलामगिरी आणि ती मोडणारे लोक. एकाने जॉन ब्राउन मांडला, एकाने नॅट टर्नर. हॅरिएट टबमनचं नाव निघालं तशी पोरं सरसावून बसली. मग मी विल्यम स्टिलचं नाव घेतलं. तो कोण, म्हणून सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, फिलाडेल्फियातल्या एका कचेरीतला काळा कारकून. पळून आलेल्या गुलामांची नावं वहीत लिहायचा. त्यावर एक मित्र फिसकन हसला. म्हणाला, "च्यायला, नावं लिहिली म्हणजे काय क्रांती झाली का? आपल्याकडं तलाठी पण नावं लिहितो."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाईस्तोवर डोक्यात तेच. तलाठी पण लिहितो, हे खरंच आहे. मळ्याचा गोरा मालकही लिहायचा. त्याच्या चोपडीत खेचरं, नांगर, बैल आणि त्याच रांगेत माणसं. नाव, अंदाजाने वय, पुढे किंमत डॉलरात. गुलाम पळाला की तो पेपरात जाहिरात द्यायचा : अमक्या उंचीचा, अमक्या रंगाचा, पाठीवर वळ, पकडून देणाऱ्यास इनाम. म्हणजे गुलामाबद्दल जे काही लिहून राहिलं होतं ते मालकाच्या हातचं होतं. त्याच्यासमोर विल्यम स्टिलने दुसरी वही उघडली. ही वही काय चीज होती ते त्या मित्राला तिथल्या तिथे सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय. तो हे वाचेलच. अंक फुकट घेऊन जातो.

सुरुवात त्याच्या आईपासून करायला पाहिजे. मेरीलँडमधली एक गुलाम बाई, नाव सिडनी. नवरा लेविन. लेविनने राबून-राबून पैसे साठवले, मालकाकडून स्वतःला विकत घेतलं आणि उत्तरेला न्यू जर्सीत गेला. स्वतःला विकत घेणं. हे शब्द लिहिताना आपलाच हात थबकतो. बाई चार लेकरं घेऊन पळाली आणि नवऱ्याकडे पोचलीसुद्धा. पण मालकाची माणसं तिथवर आली आणि तिला लेकरांसकट परत घेऊन गेली. रात्रीची कोंडून ठेवायला लागले. तरी ती दुसऱ्यांदा पळाली. या वेळी तिला कळून चुकलं होतं की चौघांना घेऊन निभणार नाही. झोपलेल्या दोन पोरांचा मुका घेतला, त्यांना तिथंच आईजवळ, म्हणजे पोरांच्या आजीजवळ सोडलं आणि दोन पोरींना घेऊन निघाली. लेविन आणि पीटर मागे राहिले. एक आठ वर्षांचा, एक सहा. मालकाने दोघांना दूर केंटकीत विकून टाकलं. तिथून पुढे ते अलाबामात, कापसाच्या मुलखात गेले.

इकडे बाईने सिडनी नाव टाकून चॅरिटी नाव घेतलं. नव्या मुलखात आणखी लेकरं झाली. एकंदर अठरा. त्यातला सगळ्यात धाकटा विल्यम, जन्म १८२१. घरात रोज दोन नावं निघायची, आणि ती दोन माणसं त्याने कधी पाहिलेली नव्हती.

विल्यमला शाळा अशी फारशी मिळाली नाही. शेतावर, लाकडं फोडण्यात पोरवय गेलं. वाचायला-लिहायला स्वतःच शिकला. १८४४ साली फिलाडेल्फियाला आला, मिळेल ते काम केलं. १८४७ साली पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत लागला. झाडलोट करायची आणि कारकुनीही करायची. त्याच साली लेटिशिया जॉर्ज या शिवणकाम करणाऱ्या बाईशी त्याचं लग्न झालं. तिच्यावर कोणी काही लिहीत नाही. पण पळून आलेली माणसं रात्री उतरायची ती तिच्या घरात, जेवायची ती तिच्या चुलीवरचं. चळवळीचा इतिहास लिहिताना आपल्याकडेही चुली मोजायच्या राहूनच जातात.

ऑगस्ट १८५० मधली गोष्ट. कचेरीत एक मध्यमवयीन काळा माणूस आला. अलाबामाहून आलेला. चाळीस वर्षं गुलामीत काढलेला. तिथल्या एका ज्यू व्यापाऱ्याशी त्याने गुपचूप करार केला होता. व्यापाऱ्याने त्याला पाचशे डॉलरला विकत घ्यायचं आणि त्याने जादा कामं करून ते पैसे फेडायचे. तसे त्याने फेडले आणि मोकळा झाला. आता तो आईबापाला शोधत होता. माहिती काय? काहीच नाही. लहानपणी एका नदीजवळ राहत होतो. आईचं नाव सिडनी, बापाचं लेविन. भावाचं नावही लेविन, तो तिकडेच गुलामीत मेला.

समोर बसलेला कारकून वर्तमानपत्राचे गठ्ठे टपालासाठी बांधत होता. ही नावं ऐकून त्याचे हात थांबले. त्याने आणखी विचारलं, पुन्हा विचारलं. मग म्हणाला, मी तुझा भाऊ आहे.

पीटरला ते खरंच वाटेना. त्याला वाटलं हा काहीतरी डाव आहे, गोड बोलून परत धरून न्यायचा. चाळीस वर्षांत कोणावर विश्वास टाकायची सवयच राहिली नव्हती. पण पुढे म्हातारी भेटली. ऐंशीच्या घरातली. बाप तोवर वारला होता.

आता सांगा, हे दोघे भाऊ भेटले कशावर? दोन नावांवर. पीटरने आईबापाची नावं चाळीस वर्षं तोंडात जपून ठेवली म्हणून, आणि समोरच्या माणसाने विचारायची तसदी घेतली म्हणून. एखाद्या दयाळू बाबाने त्याला भाकरी दिली असती, दोन डॉलर हातावर ठेवले असते आणि पुढच्या गाडीत बसवलं असतं, तर तो आईपासून थोड्या मैलांवरून निघून गेला असता. स्टिलच्या हे डोक्यात बसलं. येणाऱ्या प्रत्येकाची हकिकत लिहायची, म्हणजे उद्या कोणाचं कोणी शोधत आलं तर सापडेल.

पीटर आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर १८५० मध्ये, पळालेल्या गुलामांचा नवा कायदा पास झाला. पळालेल्याला मुक्त राज्यातूनही पकडून नेता येणार. त्याला ज्युरी नाही, स्वतःची साक्ष देण्याची सोय नाही. त्याला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि ऐका : निकाल देणाऱ्या कमिशनरने माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर त्याला फी दहा डॉलर, सोडला तर पाच. न्यायाचा भाव छापून दिला होता कायद्यात! असल्या दिवसांत कचेरीत नाव-गाव लिहिलेली वही ठेवणं म्हणजे उशाशी साप ठेवणं. वही सापडली तर लिहिणारा जाणार, लिहिलेली माणसं जाणार, रस्त्यातली ठिकाणं जाणार. माझ्या मित्रा, तलाठ्याच्या दप्तराला ही भीती असते का?

१८५२ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाची दक्षता समिती नव्याने उभी राहिली आणि तिच्या रोजच्या कामाची सूत्रं स्टिलकडे आली. ज्याला अंडरग्राउंड रेलरोड म्हणतात ती काही रेल्वे नव्हती. रूळ नाहीत, इंजीन नाही. घरं, तळघरं, होड्या, गाड्या आणि तोंड बंद ठेवणारी माणसं. दक्षिणेतून माणूस निसटायचा. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला टॉमस गॅरेट नावाचा गोरा क्वेकर लोखंडाचा व्यापारी होता, तो पुढे धाडायचा. फिलाडेल्फियात स्टिल. तिथून न्यूयॉर्क, तिथून कॅनडा.

माणूस आला की स्टिल त्याला बसवून विचारायचा. नाव काय, वय काय, रंग कसा. मालक कोण, कसा वागवायचा. का पळालास. कसा आलास. मागे कोण राहिलं : आई, बायको, लेकरं, त्यांची नावं. आणि आता नवं नाव काय घेणार. जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही लिहून ठेवायचा. सोबत खर्चाचा हिशोब. जेवणाचे इतके, गाडीभाड्याचे इतके. १८५४ च्या डिसेंबरात हॅरिएट टबमन सहा पुरुष आणि एक बाई घेऊन आली. त्याआधी गॅरेटचं पत्र आलं की तिच्या आणि तिच्यातल्या एका माणसाच्या पायातले जोडे चालून-चालून पार फाटून गेलेत, म्हणून दोन डॉलर दिलेत. मला हे दोन डॉलर फार महत्त्वाचे वाटतात. हॅरिएटवर पुतळे झाले, पुस्तकं झाली. पण तिचे जोडे फाटले होते हे आपल्याला ठाऊक आहे ते एकाने पत्रात लिहिलं आणि दुसऱ्याने ते पत्र फाडलं नाही म्हणून.

हेन्री ब्राउनची हकिकत तर कोणालाही खोटी वाटेल. रिचमंडच्या तंबाखूच्या कारखान्यात राबणारा गुलाम. १८४८ साली त्याची बायको आणि तीन लेकरं मालकाने विकून टाकली, त्याच्या डोळ्यादेखत साखळीत घालून नेली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याने स्वतःला लाकडी खोक्यात ठोकून घेतलं. तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि पावणेतीन फूट खोल. थोडं पाणी, थोडी बिस्किटं. खोकं पार्सलने फिलाडेल्फियाला. वर लिहिलं होतं, ही बाजू वर. हमालांनी कुठली वाचायला! काही अंतर तो डोक्यावर उलटा होता. सुमारे सत्तावीस तासांनी खोकं उघडलं तेव्हा समोर जी चारपाच माणसं होती त्यांत स्टिल होता. खोकं पाठवणारा सॅम्युअल स्मिथ हा गोरा चांभार पुढे आणखी माणसं पाठवताना सापडला आणि तुरुंगात गेला. या हकिकतीत स्टिलने केलं काय? काही नाही. उघडताना हजर राहिला आणि लिहिलं. सत्तावीस तासांचा मालक हेन्री ब्राउनच. सुटका त्याने स्वतः केली, बाकीच्यांनी झाकण काढलं.

माझा मुद्दा हाच आहे. गुलामांना कोणीतरी "सोडवलं" असं आपण सरसकट बोलतो. शाळेच्या पुस्तकात लिंकनचं चित्र असतं, पायाशी गुडघे टेकलेला काळा माणूस असतो. स्टिलची वही वाचताना गुडघे टेकलेला माणूस सापडत नाही. सापडतात ती हिशोब करणारी माणसं. कुठली रात्र निवडायची, मालक कधी गावाला जातो, होडीवाल्याला किती द्यायचे. पुरुषाचे कपडे घालून आलेली पोरगी सापडते. पेटीत बसून जहाजातून आलेली बाई सापडते. कॅनडात पोचल्यावर पत्र लिहून मागे राहिलेल्या बायकोची चौकशी करणारे, आणि सोबत आपली कपड्यांची ट्रंक कुठं अडकली म्हणून विचारणारेही सापडतात. ट्रंकेची चौकशी करणारा माणूस मला फार आवडतो. स्वतंत्र माणसाचं पहिलं काम : माझ्या वस्तू कुठायत?

जेन जॉन्सनचा खटला बघा. जुलै १८५५. निकाराग्वातला अमेरिकेचा वकील व्हीलर आपल्या गुलाम बाईला आणि तिच्या दोन पोरांना घेऊन फिलाडेल्फियावरून चालला होता. हॉटेलात तिने तिथल्या काळ्या नोकराच्या कानात सांगितलं, मला सुटायचंय. चिठ्ठी स्टिलच्या हातात पडली. मालकाने गुलामाला आपण होऊन पेनसिल्व्हेनियात आणलं तर तो मोकळा, असा त्या राज्याचा कायदा होता. स्टिल आणि पॅसमोर विल्यमसन हा गोरा सहकारी धावत बोटीवर गेले. तिला सांगितलं, बाई, तू इथे मोकळी आहेस, यायचं तर ऊठ. व्हीलरने तिला धरून ठेवलं. ती उठली. पाच काळ्या हमालांनी व्हीलरला आवरलं, पोरं उचलली.

पुढे काय? न्यायाधीशाने विल्यमसनला कोर्टाच्या बेअदबीखाली शंभर दिवस तुरुंगात ठेवलं. देशभर बोंब झाली, पेपर भरून आले. आजही ते प्रकरण विल्यमसनच्या नावाने ओळखलं जातं. त्याचा तुरुंग खरा होता, मी तो कमी लेखत नाही. पण स्टिल आणि ते पाच हमालही आरोपी होते. त्यांची नावं लिहितो, म्हणजे या अंकात तरी राहतील : जॉन बॅलार्ड, विल्यम कर्टिस, जेम्स ब्रॅडॉक, जेम्स मार्टिन, आयझाया मूर. खटल्यात सरकार पक्षाचं म्हणणं होतं की बाईला जबरदस्तीने पळवलं. तेव्हा जेन जॉन्सन स्वतः कोर्टात येऊन उभी राहिली. बाहेर तिला धरायला माणसं टपली होती. तरी ती आली आणि तिने सांगितलं की मला कोणी ओढलं नाही, मी माझ्या मर्जीने उतरले. स्टिल सुटला. बॅलार्ड आणि कर्टिसला आठवड्याची कैद झाली.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली "गुलामगिरी" छापली तेव्हा ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी निःस्वार्थ झीज सोसली म्हणून. जोतिबांचं ते अर्पण योग्यच होतं. सेथ कॉन्क्लिनसारखे गोरे त्यात होते. पीटरची बायको व्हायना आणि तीन मुलं अलाबामात अडकली होती. हा माणूस आपण होऊन तिकडे गेला, सात दिवस सात रात्री त्यांना होडीतून वर आणलं, इंडियानात पकडला गेला आणि पुढे नदीत हातपाय साखळदंडात बांधलेलं त्याचं प्रेत सापडलं. व्हायना आणि मुलं परत मळ्यावर. मालकाने पाच हजार डॉलर मागितले. पीटर गावोगाव फिरून, सभांमधून आपली कहाणी सांगत पैसे गोळा करत राहिला आणि १८५४ च्या अखेरीला चौघांना घेऊन आला.

पण जोतिबांच्या पुस्तकाच्या एकच वर्ष आधी, १८७२ साली, स्टिलचं पुस्तक निघालं होतं. त्या वहीतून तयार झालेला आठशे पानांच्या आसपासचा ठोकळा. ते जोतिबांपर्यंत आलं की नाही, यावर मी काही दावा करत नाही. मी एवढंच म्हणतो की आज ते अर्पण वाचताना सज्जनांच्या त्या यादीत काळ्या माणसांना बसवा. बॅलार्ड हमाल बसवा. चूल सांभाळणारी लेटिशिया बसवा. १९७२ साली आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून नाव घेतलं ते कुठल्या गोऱ्याच्या दयेवर भाळून नव्हे.

स्टिलला देव करायची माझी इच्छा नाही. तो पांढरपेशा होता आणि ते लपत नाही. हॅरिएटच्या धैर्याला जोड नाही असं तो लिहितो, पण त्याच दमात ती दिसायला अगदी सामान्य, दक्षिणेतल्या गरीब शेतमजुरांसारखी, असंही नोंदवतो. वाचताना टोचतं. हुशार, नीटनेटका, बोलका फरारी आला की त्याची लेखणी खुलते. पुढे त्याने कोळशाचा धंदा काढला, बराच पैसा केला. काळ्यांना ट्रामगाडीत आत बसू देत नाहीत म्हणून १८५९ पासून तो पेपरात लिहीत राहिला आणि १८६७ साली तसा कायदा झाला. त्या लढ्यातही आपल्याच लोकांनी त्याच्यावर चिखल उडवला. १८७४ च्या महापौराच्या निवडणुकीत तो लिंकनच्या पक्षाविरुद्ध उभ्या राहिलेल्या उमेदवाराच्या बाजूने गेला, तेव्हा धमक्याही आल्या. बरोबर होता की चूक, यावर अभ्यासवर्गात एक वेगळी संध्याकाळ घालवू. १९०२ साली वारला. मुलगी कॅरोलिन डॉक्टर झाली होती.

वहीचं काय झालं ते राहिलं. १८५९ साली जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीवर हल्ला केला, धरपकड सुरू झाली. जॉन ब्राउनला फाशी देण्याच्या त्या दिवसांत त्याची बायको स्टिलच्या घरी उतरली होती. म्हणजे झडती कधीही. तेव्हा स्टिलने कागद उचलले आणि काळ्यांच्या लेबनॉन स्मशानभूमीतल्या इमारतीच्या माळ्यावर नेऊन दडवले. मेलेल्यांच्या राखणीला जिवंत माणसांची नावं. तिथे ती टिकली. सुमारे आठशे माणसं.

तर मित्रा, नावं लिहिणं ही क्रांती आहे की नाही, त्यावर पुन्हा भांडू. तुझा जॉन ब्राउन मला मान्यच आहे. पण माझा बाप शाळेत गेला तेव्हा मास्तरने जन्मतारीख विचारली नाही, एक जून ठोकून दिली. आमच्या आळीतल्या सगळ्या बापांचा वाढदिवस एक जूनला येतो. म्हणून मी परवा दोनशे पानी वही आणली. गाव सोडून मुंबईला आलेल्या आमच्या माणसांची नावं लिहायची म्हणून बसलो. आजीपासून सुरुवात करावी म्हटलं. आईला विचारलं, आजीचं माहेरचं नाव काय? आई म्हणाली, सगळे तिला तुझ्या बापाची आईच म्हणायचे. बापाला विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, गावाकडं एक म्हातारी आहे अजून, तिला माहीत असंल. रविवारी जाणार आहे.